‘क्विक’ची कुळकथा

परक्या भाषेतील काही शब्द आपल्याकडे पाहुणे म्हणून येतात आणि पाहता पाहता घरचेच होऊन राहतात. ‘क्विक’ हा असाच एक शब्द. तयार खाद्यपदार्थांच्या पाकिटावर तो असतो, दुरुस्तीच्या दुकानाच्या पाटीवर असतो, शिकवणीवर्गाच्या जाहिरातीत तर हमखास असतो. ज्याने इंग्रजीचे धडे कधी गिरवले नाहीत, असा माणूसही त्याचा अर्थ सहज सांगेल : जलद, चटकन, वेगाने. आजच्या इंग्रजीचा विचार केला, तर हे उत्तर बरोबरच आहे. तथापि या शब्दाचा हा मूळ अर्थ नव्हे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये एखाद्या माणसाला कोणी ‘क्विक’ म्हटले असते, तर ‘तो जिवंत आहे’ एवढाच त्याचा अर्थ झाला असता. तो धावत होता, बसला होता की गाढ झोपला होता, याच्याशी त्या शब्दाला काही कर्तव्य नव्हते.

शब्दांची कुळे शोधण्याचा नाद मला मराठीच्या अभ्यासामुळे लागला. एखादा शब्द कोठून आला, वाटेत कोणाकोणाला भेटला, त्याने कोणता अर्थ टाकला आणि कोणता स्वीकारला, हे पाहताना मला एखाद्या माणसाचे चरित्र वाचल्याचा आनंद होतो. ‘क्विक’ची कुळकथा तर मला विशेष प्रिय आहे, कारण इंग्लंडमध्ये सुरू झालेली ही वाट शेवटी आपल्याच दारात येऊन पोहोचते.

जुन्या इंग्रजीत हा शब्द आजच्यापेक्षा निराळ्या अक्षरांनी लिहिला जाई, पण त्याचा उच्चार बहुतांशी आजच्यासारखाच होता. १०६६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांताच्या ड्यूकने इंग्लंड जिंकले. त्यानंतर फ्रेंच वळणाचे लेखनिक इंग्रजी शब्द आपल्या पद्धतीने लिहू लागले आणि ‘क्विक’चे लेखन बदलले. अर्थ मात्र दीर्घकाळ टिकून राहिला. १६११ मध्ये इंग्लंडच्या राजाज्ञेने प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या भाषांतरात, परमेश्वर ज्यांचा न्याय करणार आहे अशा जिवंत आणि मृत माणसांचा उल्लेख येतो. तेथे ‘जिवंत’ या अर्थी ‘क्विक’ हाच शब्द योजलेला आहे. ख्रिस्ती धर्मश्रद्धेच्या इंग्रजी प्रार्थनेतही तो शतकानुशतके म्हटला गेला. मराठी प्रार्थनेत त्या ठिकाणी ‘जिवंत’ हा शब्द आहे. एकाच ओळीतील हे दोन शब्द एकमेकांचे नातलग आहेत, हे मात्र प्रार्थना म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्या नात्याकडे आपण पुढे वळूच.

एखादे जुने घर पाडले, तरी त्याच्या चौथऱ्याचे दगड जमिनीत राहतात. शब्दांच्या जुन्या अर्थांचेही तसेच असते. रोजच्या बोलण्यातून ते नाहीसे होतात, पण जोडशब्दांत शिल्लक उरतात. पाऱ्याला इंग्रजीत ‘क्विकसिल्व्हर’ असे एक नाव आहे. त्याचा अर्थ ‘जलद चांदी’ नव्हे, तर ‘जिवंत चांदी’. रोमन लोक लॅटिन भाषेत पाऱ्याला जिवंत चांदीच म्हणत. त्याचेच हे शब्दशः भाषांतर होय. पारा दिसतो चांदीसारखा, पण तळहातावर ठरत नाही. फुटतो, पळतो, पुन्हा एकत्र येतो. पाहणाऱ्याला त्या धातूत जीव आहे असे वाटले, यात नवल ते काय? आपल्याकडे अमरकोशात पाऱ्याच्या नावांमध्ये ‘चपल’ हे नाव दिलेले आहे. तिकडे त्यांना जीव दिसला, इकडे आपल्याला चपळपणा दिसला. मुळात पाहिलेली गोष्ट एकच होती.

चुन्याची गोष्टही अशीच आहे. चुनखडी भट्टीत भाजली, की जो चुना मिळतो त्याला आपण कळीचा चुना म्हणतो. इंग्रजीत त्याला ‘क्विकलाइम’ म्हणतात. त्यावर पाणी पडताच तो फसफसतो, तापतो, वाफा सोडतो आणि फुटून त्याचे पीठ होते. निपचित पडलेल्या ढेकळात एकाएकी प्राण संचारावा, तसा हा प्रकार असतो. म्हणून हा जिवंत चुना. पाणी पिऊन शांत झालेल्या चुन्याला मात्र इंग्रजीत वेगळे विशेषण आहे. त्याचा अर्थ ‘तहान शमलेला’ असा होतो. नदीकाठी किंवा खाडीत जी वाळू पाण्याने भरून पातळ होते आणि पाय ठेवताच माणसाला आत ओढू लागते, ती ‘क्विकसँड’, म्हणजे जिवंत वाळू. शेताच्या बांधावर काटेरी झाडांच्या फांद्या लावून जे कुंपण वाढवतात, त्याच्याही इंग्रजी नावात ‘क्विक’ आहे, आणि आपण मराठीत त्याला ‘जिवंत कुंपण’च म्हणतो. इंग्लंडच्या शेतकऱ्याला सतावणारे एक चिवट गवत आहे. आपल्याकडच्या हरळीप्रमाणे ते कितीही उपटले, तरी मुळाच्या एखाद्या तुकड्यातून पुन्हा उगवते. त्याचे जुने नावही याच ‘क्विक’शी जोडले जाते. जे मरत नाही ते जिवंत, असा साधा सरळ हिशेब त्यामागे आहे.

या सर्व शब्दांत मला सर्वांत हृद्य वाटतो तो आईच्या संदर्भातील शब्द. गर्भारपणाच्या चौथ्या-पाचव्या महिन्यात पोटातील बाळाची पहिली हालचाल आईला जाणवते. तिला इंग्रजीत ‘क्विकनिंग’ म्हणतात. तेथे वेगाचा संबंध नाही. आत जीव आहे, याची ती पहिली खूण आहे.

काही वर्षांपूर्वी वडोदऱ्यात प्रौढ विद्यार्थ्यांच्या एका संपर्क-वर्गात मराठी शिकवण्याचा योग आला. गायकवाडांच्या काळापासून त्या शहरात मराठी कुटुंबे नांदत आहेत. वर्गात चाळिशी ओलांडलेल्या एक बाई होत्या. शिवणकाम करून त्यांनी घर सांभाळले होते आणि अर्धवट सुटलेले शिक्षण पुन्हा हाती घेतले होते. मराठीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांचा विषय निघाला होता. तेवढ्यात त्या सहज म्हणाल्या, “सर, आमच्या मुलांचं डोकं कसं क्विक चालतं! माझं काही तसं नाही. मला एक पान वाचायला अर्धा तास लागतो.” वर्गातील दोघातिघांनी मान डोलावली. त्यांचेही दुखणे तेच असावे.

मी त्यांचे समाधान करण्याच्या भरीस पडलो नाही. फळ्यावर ‘क्विक’ हा शब्द लिहिला आणि त्याच्या जुन्या अर्थाची हकिकत सांगू लागलो. पारा झाला, चुना झाला. मग म्हणालो, “नखाखाली जो नाजूक, दुखरा भाग असतो, त्यालाही इंग्रजीत ‘क्विक’च म्हणतात. नखाच्या टोकाला जीव नसतो. कापले तरी दुखत नाही. पण त्या भागाला जरा धक्का लागला, की माणूस कळवळतो. मराठीत त्याला काय म्हणाल?” वर्गात कोणी ‘मांस’ म्हणाले, कोणी ‘कातडी’. त्या बाईंनी मात्र क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, “जिव्हाळी! मशीनची सुई एकदा शिरली ना तिथं, की जन्मभर लक्षात राहतं.”

जिव्हाळी. किती नेमका शब्द! जीव ज्या जागी असतो, ती जिव्हाळी. माझ्यासारख्याला तो पुस्तकांतून भेटतो. त्यांना तो सुईच्या टोकाशी भेटला होता. याच घराण्यातला दुसरा शब्द म्हणजे ‘जिव्हार’. एखाद्याचे बोलणे मनाला फार खोलवर लागले, तर आपण ‘ते जिव्हारी लागले’ असे म्हणतो. अशा वेळी इंग्रज माणूस ‘क्विकपर्यंत कापले गेले’ अशा अर्थाचा वाक्प्रचार वापरतो. ‘जिव्हाळा’ हाही त्याच कुळातला शब्द आहे. जेथे जीव गुंततो, तेथे जिव्हाळा.

आता त्या नात्याकडे वळू. ‘क्विक’ आणि ‘जीव’ यांचा अर्थ एकच होता, हा योगायोग नव्हे. हे दोन्ही शब्द एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. कोलकात्यात सर विल्यम जोन्स नावाचे एक इंग्रज न्यायाधीश होते. १७८४ मध्ये त्यांनी तेथे एशियाटिक सोसायटी स्थापन केली. त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला आणि १७८६ मध्ये सोसायटीपुढे केलेल्या भाषणात एक विचार मांडला. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांमधील धातू व व्याकरणाची रूपे इतकी जुळतात, की त्या बहुधा आता अस्तित्वात नसलेल्या एकाच भाषेपासून निघाल्या असाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. त्या कुळात इंग्रजी, जर्मन आणि फारसी या भाषाही येतात. पुढे डेन्मार्कचे रास्मुस रास्क आणि जर्मनीचे याकोब ग्रिम यांनी हे साम्य नियमांत बसवले. ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडलेला ध्वनिपरिवर्तनाचा नियम आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो.

हा नियम समजण्यास फार विद्वत्ता लागत नाही. शब्दांच्या चार जोड्या पुरेशा आहेत. संस्कृतात ‘गो’ म्हणजे गाय, इंग्रजीत ‘काऊ’. संस्कृतात ‘गम्’ म्हणजे जाणे, इंग्रजीत ‘कम’ म्हणजे येणे. संस्कृतात ‘जनि’ म्हणजे स्त्री, पत्नी. इंग्रजीत ‘क्वीन’, आणि तिचाही जुना अर्थ स्त्री, पत्नी असाच होता. चौथी जोडी ‘जीव’ आणि ‘क्विक’ यांची. मूळ भाषेतील एकाच ध्वनीचा संस्कृतात कोठे ‘ग’ झाला, कोठे ‘ज’ झाला. इंग्रजीच्या शाखेत त्याचा ‘क’ किंवा ‘क्व’ झाला. ‘क्विक’च्या अखेरचा ‘क’ मात्र मूळचा नाही. गॉथिक नावाची इंग्रजीची एक जुनी भावकी होती. तिच्यात हा शब्द त्या शेवटच्या ‘क’वाचून आढळतो, आणि तेथेही त्याचा अर्थ ‘जिवंत’ असाच आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक आहे. दोन शब्द सारखे दिसले, की ते भाऊ आहेत असे मानण्याचा मोह होतो. इंग्रजीत ‘बॅड’ म्हणजे वाईट आणि फारसीतून आलेल्या ‘बदनाम’मधील ‘बद’ म्हणजेही वाईट. तरीही या दोहोंचे काही नाते नाही. आपल्या मराठीतच ‘जलद’ म्हणजे वेगाने आणि ‘जलद’ म्हणजे पाणी देणारा मेघ. पहिला शब्द अरबी-फारसीकडून आला, दुसरा संस्कृतातून. रूप एक, कुळे दोन. नाते चेहऱ्यावरून ठरत नाही. एकच बदल अनेक शब्दांत नियमाने झालेला दिसावा लागतो. ‘गो’, ‘गम्’ आणि ‘जनि’ यांची साक्ष पाठीशी असल्यामुळेच ‘जीव’ आणि ‘क्विक’ यांचे नाते मान्य झाले आहे.

या घराण्याचा विस्तारही मोठा आहे. लॅटिनमध्ये याच मुळापासून जीवन या अर्थाचा ‘विता’ हा शब्द झाला. त्यावरून कासिमीर फुंक या शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ‘व्हिटॅमिन’ हे नाव घडवले. आपण त्याला मराठीत ‘जीवनसत्त्व’ म्हणतो. ग्रीकमधील ‘बायोस’ म्हणजे जीवन. त्यावरून ‘बायोलॉजी’, आणि आपले ‘जीवशास्त्र’. दोन्ही ठिकाणी मराठी प्रतिशब्दातील ‘जीव’ आणि परक्या शब्दातील पहिला अंश हे एकाच वंशातले आहेत. मौखिक परीक्षेला आपण ‘व्हायवा’ म्हणतो. त्या लॅटिन शब्दप्रयोगाचा अर्थ ‘जिवंत आवाजाने’ असा आहे. फारसीतून आलेले ‘जिंदा’ आणि ‘जिंदगी’ हे शब्दही याच परिवारातले. हिंदीभाषक प्रदेशात राहणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडी दिवसातून अनेकदा ‘जीवन’ही येते आणि ‘जिंदगी’ही. ही दोन भावंडे एकाच वाक्यात नांदत असतात, पण त्यांना एकमेकांची ओळख कोणी करून देत नाही.

मग जिवंत असलेला हा शब्द धावू कसा लागला? त्याचे उत्तर आपल्या डोळ्यांसमोर आहे. एखादा पक्षी जमिनीवर पडलेला दिसला, तर तो जिवंत आहे की नाही हे आपण कशावरून ठरवतो? त्याच्या हालचालीवरून. जे हलते ते जिवंत. जे अधिक हलते ते अधिक जिवंत, म्हणजे तरतरीत. आणि जे तरतरीत ते साहजिकच चपळ. ‘जिवंत’पासून ‘उत्साही’, ‘उत्साही’पासून ‘चलाख’ आणि ‘चलाख’पासून ‘वेगवान’, अशा पायऱ्या उतरत तेराव्या-चौदाव्या शतकांत ‘क्विक’ला वेगाचा अर्थ येऊन चिकटला. काही काळ दोन्ही अर्थ शेजारी शेजारी राहिले. पुढे नवा अर्थ घरमालक झाला आणि जुना माजघरात जाऊन बसला.

मराठीनेही वेगाचे वर्णन करताना जिवाचाच आधार घेतला आहे. अगदी वेगाने पळणाऱ्याला आपण ‘जीव खाऊन पळाला’ असे म्हणतो. कोणी ‘जीव तोडून’ धावतो, कोणी ‘जीव मुठीत धरून’ पळतो, कोणी ‘जिवाच्या आकांताने’ सुटतो. या वाक्प्रचारांत वेग सांगणारा वेगळा शब्दच नाही. जीव पणाला लागला म्हटले, की वेग आपोआप समजतो.

वेगाचे आणखी दोन इंग्रजी शब्द आपल्या बोलण्यात रुळले आहेत, ‘स्पीड’ आणि ‘फास्ट’. नवलाची गोष्ट अशी, की त्यांचाही मूळ अर्थ वेग हा नव्हता. ‘स्पीड’ म्हणजे पूर्वी यश, भरभराट. प्रवासाला निघालेल्याला ‘देव तुला यश देवो’ असा आशीर्वाद देताना जुन्या इंग्रजीत हा शब्द येई. त्याचे मूळ संस्कृतातील ‘स्फाय्’, म्हणजे वाढणे, या धातूच्या मुळाशी एक आहे. त्या धातूपासून झालेला ‘स्फीत’ हा शब्द हिंदीतील ‘मुद्रास्फीति’मध्ये आपल्याला रोजच्या वर्तमानपत्रात भेटतो. घाई जितकी अधिक, तितकी ‘स्पीड’ कमी, अशी एक इंग्रजी म्हण आहे. ‘स्पीड’चा अर्थ वेग घेतला, तर ती कोड्यासारखी वाटते, यश असा घेतला, तर लगेच उलगडते. ‘फास्ट’चा मूळ अर्थ तर वेगाच्या अगदी उलट, म्हणजे घट्ट, पक्का, न हलणारा. कापडाच्या दुकानात न जाणाऱ्या रंगाला ‘फास्ट कलर’ म्हणतात, तो हाच अर्थ. घट्टपणे, नेटाने, जोर लावून केलेली धाव ती ‘फास्ट’ धाव, असा तो अर्थ पुढे सरकला. आपण ‘जोरात पळ’ असे म्हणतो, तेव्हा वेगळे काय करतो? ‘जोर’ म्हणजे शक्ती. पण ‘जोरात’ म्हणजे वेगाने. ‘तेज’ म्हणजे धारदार. पण हिंदीत ‘तेज चलो’ म्हणजे वेगाने चाला.

हे तीन शब्द शेजारी ठेवले, की माझ्या मनात एक विचार येतो. जिवंतपणा, यश आणि खंबीरपणा या तीन गोष्टी माणसाला आधी महत्त्वाच्या वाटल्या, म्हणून त्यांना त्याने आधी नावे दिली. वेग हा त्यांच्या पाठोपाठ आला. घोड्याच्या पाठीवर किंवा स्वतःच्या पायांवर जेवढा वेग मिळे, तेवढ्यात त्याचे भागत होते. आता मात्र क्रम उलटला आहे. वेग पुढे गेला आहे आणि ज्यांच्यामुळे त्याला नाव मिळाले, त्या गोष्टी मागे राहू लागल्या आहेत.

याचे एक उदाहरण आपल्या शहरांच्या रस्त्यांवर दिसते. २०२१-२२ च्या सुमारास दहा मिनिटांत घरपोच किराणा देण्याच्या जाहिराती मोठ्या शहरांतून झळकू लागल्या आणि या व्यवसायाला ‘क्विक कॉमर्स’ असे नाव पडले. भाजी, दूध, औषध दारात येते; म्हाताऱ्या माणसांची, एकट्या राहणाऱ्यांची सोय होते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण पाठीवर भलीमोठी पिशवी अडकवून, भर पावसात, वाहनांच्या गर्दीतून वाट काढत जाणारा तरुण पाहिला, की मला या शब्दाचा जुना अर्थ आठवतो. दोन मिनिटे उशीर झाला, तर कांदे-बटाटे नासत नाहीत. त्या दोन मिनिटांसाठी जो पणाला लागतो तो जीव, आणि ‘क्विक’चा खरा अर्थ तर तोच आहे! या पाठ्यपुस्तकाच्या वाचकांतही असे काम करून शिकणारे काहीजण असतील. त्यांना हे मी सांगावे असे नाही. ते अधिक जाणतात. महाराष्ट्रातील घाटरस्त्यांवर ‘अति घाई संकटात नेई’ अशी पाटी लावलेली असते. ती वाहन चालवणाऱ्यासाठी आहे हे खरे, पण घरी बसून घड्याळाकडे पाहणाऱ्यानेही ती एकदा वाचायला हरकत नाही.

शिकण्याच्या बाबतीतही वेगाचा असाच गैरसमज झालेला आहे. जो चटकन उत्तर देतो तो हुशार आणि ज्याला वेळ लागतो तो मंद, अशी वाटणी शाळेच्या पहिल्या वर्गापासून होते. कित्येकांनी शाळा सोडण्यामागे गरिबी असते, घरची जबाबदारी असते. पण ‘आपल्याला जमत नाही’ हा मनात बसलेला समजही असतो. वर्षानुवर्षे तो मनात ठसठसत राहतो. मुक्त विद्यालयी शिक्षणात एकदा घेतलेला प्रवेश पाच वर्षे टिकतो. एक एक विषय आपल्या सवडीने पुरा करता येतो. ही सवलत कोणावर दया म्हणून दिलेली नाही. दिवसभर काम करून रात्री पुस्तक उघडणाऱ्या माणसाचा वेग निराळा असणार, हे त्यामागे गृहीत धरलेले आहे.

एक पान वाचायला अर्धा तास लागणे, हे न समजल्याचे लक्षण असतेच असे नाही. अनेकदा तो वेळ वाचलेले स्वतःच्या अनुभवाशी ताडून पाहण्यात जातो. अनुभव जितका मोठा, तितका ताडून पाहण्यास वेळ अधिक. जुन्या अर्थाने पाहिले, तर डोके ‘क्विक’ असणे म्हणजे ते जागे असणे, त्याला वाचलेले भिडणे. असे डोके पान लवकर उलटील किंवा सावकाश उलटील. वाचलेले त्याला जिव्हारी लागेल, एवढे मात्र निश्चित.

शब्दांनाही घाई नसते. ‘जिवंत’पासून ‘जलद’पर्यंतचा पल्ला गाठायला ‘क्विक’ला कित्येक शतके लागली. वेगाचा अर्थ सांगणारा हा शब्द स्वतः किती सावकाश चालला! त्या वाटेवर आपला मूळ अर्थ त्याने पुरता टाकूनही दिला नाही. पाऱ्यात, चुन्यात, नखाखालच्या जिव्हाळीत आणि आईच्या पोटातील पहिल्या हालचालीत तो त्याने जपून ठेवला. आता कोठल्या पाकिटावर किंवा पाटीवर हा शब्द दिसला, तर तो परका आहे असे समजून बिचकू नये. त्याच्या इंग्रजी अंगरख्याच्या आत आपलाच जीव आहे.